नाराचे सुतार आणि कार्ल्याचा सामी

२६ जानेवारी म्हटले की भारतीय माणसाच्या डोळ्यांसमोर प्रजासत्ताक दिनाचे संचलन उभे राहते. जपानमध्ये याच तारखेला ठिकठिकाणच्या मंदिरांच्या प्रांगणांत पाण्याचे उंच फवारे उडताना दिसतात. अग्निशामक दलाचे जवान, मंदिरातील भिक्षू आणि आसपासचे रहिवासी एकत्र येऊन आग विझवण्याचा सराव करतात. १९५५ पासून हा दिवस तेथे सांस्कृतिक वारशाच्या अग्निसंरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्यामागे विजयाची नव्हे, एका हानीची आठवण आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातील सुवर्णगृहाला आग लागली आणि सुमारे साडेबाराशे वर्षे जपलेल्या भित्तिचित्रांचे रंग काही तासांत नाहीसे झाले.

दुसऱ्याच वर्षी, १९५० साली, जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा नवा आणि व्यापक कायदा केला. स्वतःच्या हातून झालेली हानी दिनदर्शिकेवर कायमची नोंदवून ठेवणारा समाज विरळाच. अशा हानीवर पांघरूण घालणे, समिती नेमणे आणि मग विसरून जाणे, हाच जगाचा सर्वसाधारण रिवाज आहे. नारा पाहण्यास जाणाऱ्या भारतीयाने ही तारीख मनात ठेवूनच निघावे. एरवी त्या शहरातील हरणे, भव्य बुद्ध आणि आपल्या ओळखीच्या देवदेवता पाहून तो आनंदाने परतेल; पण जे पाहायला हवे होते ते पाहायचे राहून जाईल.

होर्यूजीची सकाळ

ओसाकाहून नाराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, नाराच्या थोडे अलीकडे, होर्यूजी नावाचेच स्थानक लागते. एका दिवसात प्राचीन नारा पाहू इच्छिणाऱ्याने येथूनच आरंभ करावा, कारण कालक्रमानेही आरंभ येथेच आहे. कोरियातील पेक्चे राज्यातून बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ जपानच्या दरबारात पोहोचले ते सहाव्या शतकाच्या मध्यास. त्यानंतर दोन पिढ्या उलटतात न उलटतात तोच, ६०७ साली, राजपुत्र शोतोकु याच्या पुढाकाराने हे मंदिर उभे राहिले. ६७० साली ते जळाल्याची नोंद जुन्या इतिवृत्तात आहे. पुढील काही दशकांत ते पुन्हा बांधले गेले, आणि त्या पुनर्बांधणीतील सुवर्णगृह व पाच मजली मनोरा आजही उभे आहेत. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. मनोऱ्याचा मध्यस्तंभ ज्या वृक्षाचा आहे तो ५९४ साली तोडला गेला, असे खोडातील वर्तुळांच्या अभ्यासावरून निष्पन्न झाले आहे. सम्राट हर्षवर्धन तेव्हा गादीवरही आला नव्हता.

हा मनोरा म्हणजे सांचीच्या स्तूपाचाच दूरचा वंशज. तळाशी धातू, वर छत्रावली ही कल्पना तीच. केवळ दगड-मातीच्या जागी लाकूड आले आणि अर्धगोलाच्या जागी एकावर एक छपरे आली. सुवर्णगृहात शिरल्यावर तर मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकतेच. भिंतींवरील बोधिसत्त्वांची ती किंचित झुकलेली मान, अर्धोन्मीलित डोळे, बोटांची लय, मुकुटाची घडण! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाते सांगावे लागत नाही. भारतातली रेषा मध्य आशियाची वाळवंटे आणि चीन ओलांडून येथवर आली आहे. परंतु प्रवाशाला आज येथे दिसतात त्या प्रतिकृती. १९४९ च्या आगीनंतर जपानमधील नामवंत चित्रकारांनी त्या रंगवल्या आणि १९६८ साली त्या भिंतींवर लावल्या गेल्या. जळालेल्या मूळ भिंती आणि कोळसा झालेले खांब मंदिराने टाकून दिले नाहीत. आवारातच एका स्वतंत्र कोठारात, जसेच्या तसे उभे करून, जपून ठेवले.

या दुर्घटनेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. जपानी चित्रकार आराई काम्पो हा रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली भारतात आला आणि अजिंठ्यात राहून त्याने तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या प्रतिकृती १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात नष्ट झाल्या. पुढे १९४० साली होर्यूजीच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्यातील एका गटाचे काम याच आराईकडे आले. तो १९४५ साली वारला. चार वर्षांनी चित्रांनाच आग लागली. प्रतिकृती करणारे चित्रकार थंडीच्या दिवसांत बसायला विजेची गादी वापरत, ती आगीला कारणीभूत झाली असावी, असे एक कारण सांगितले जाते. निर्णायक कारण कधीच ठरले नाही. जतन करण्यासाठी आलेल्या हातांनीच कदाचित ती आग लागली असेल, ही शंका जपानी समाजाने मनात जपली. तिच्यामुळेच २६ जानेवारीचा सराव हा नुसता उपचार होऊन बसला नाही.

दुसरा मनोरा

दुपारच्या आत प्रवाशाने निशिनोक्यो भागात पोहोचावे. तेथे याकुशिजी आणि तोशोदाइजी ही दोन मंदिरे एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर आहेत. याकुशी म्हणजे भैषज्यगुरू, रोग हरण करणारा बुद्ध. सम्राट तेम्मूने ६८० साली राणीच्या आजारपणात नवस बोलून या मंदिराचा संकल्प केला. राजधानी नाराला आल्यावर मंदिरही येथे आले. त्याच्या प्रांगणात दोन मनोरे आहेत. पूर्वेकडचा ७३० सालचा, वाऱ्या-पावसाने करडा पडलेला. पश्चिमेकडचा लाल-हिरव्या रंगांत झळकणारा. मूळचा पश्चिम मनोरा १५२८ साली युद्धात जळाला आणि साडेचारशे वर्षे तेथे केवळ जोत्याचे दगड उरले होते. आजचा मनोरा १९८१ साली पूर्ण झाला.

नवा मनोरा उभारण्यास काय लागते? पहिले, पैसा. मंदिराचे प्रमुख ताकादा कोइन यांनी तो एखाद्या बड्या उद्योगसमूहाकडे मागितला नाही. त्यांनी लोकांना प्रज्ञापारमिताहृदय सूत्र हाताने लिहून काढण्याचे आवाहन केले. एका प्रतीसोबत एक हजार येनची दक्षिणा. दहा लाख प्रतींचा संकल्प होता. गावोगाव हिंडून, व्याख्याने देऊन त्यांनी तो तडीस नेला. त्यातून प्रथम सुवर्णगृह उभे राहिले, १९७६ साली; आणि मग मनोरा. म्हणजे गृहिणी, विद्यार्थी, कारखान्यातील कामगार अशा सामान्य माणसांनी एकेक अक्षर गिरवून हे मंदिर उभे केले आहे. ते सूत्र मूळ संस्कृत. त्याची जी चिनी प्रत जपानमध्ये गिरवली जाते ती युआनच्वांगच्या नावावर आहे. नालंदेत शिकलेला आणि महाराष्ट्रातही येऊन गेलेला तो यात्रेकरू याकुशिजीच्या पंथाचा मूळपुरुष मानला जातो.

पैशापेक्षा दुर्मीळ गोष्ट दुसरी होती : ज्ञान. ते निशिओका त्सुनेकाझू या सुताराकडे होते. त्याचे घराणे होर्यूजीचे परंपरागत सुतार. त्याच्या आजोबांनी त्याला तंत्रशाळेत न घालता शेतकी शाळेत घातले. माती कळल्याशिवाय झाड कळत नाही आणि झाड कळल्याशिवाय लाकूड कळत नाही, हा त्यामागील विचार. घराण्यातील तोंडी नियम असे की, मंदिरासाठी लाकूड विकत घेऊ नये, डोंगर विकत घ्यावा. आणि डोंगराच्या दक्षिण उतारावरचे झाड मंदिरातही दक्षिणेच्याच बाजूला वापरावे. १९३४ साली सुरू झालेल्या होर्यूजीच्या महाजीर्णोद्धारात निशिओकाने जुने सांधे उकलले, तेराशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी लाकडावर सोडलेल्या हत्यारांच्या खुणा वाचल्या आणि वापरातून गेलेला एक जुना रंधा पुन्हा घडवून घेतला. हजार वर्षांच्या झाडापासून केलेली वास्तू हजार वर्षे टिकली पाहिजे, अशी त्याची धारणा होती. तेवढी मोठी झाडे जपानमध्ये उरली नव्हती, म्हणून ती तैवानहून आणावी लागली. नवा मनोरा त्याने जुन्यापेक्षा सुमारे एक फूट उंच केला, कारण लाकूड आपल्या भाराने हळूहळू बसत जाते. काही शतकांनी दोन्ही मनोरे एका उंचीचे होतील, हा त्याचा हिशेब. तो हिशेब बरोबर आला की नाही, हे पाहायला आज जन्मलेले मूलही हयात नसेल. निशिओका १९९५ साली वारला. पण त्याच्या हाताखाली तयार झालेल्या शिष्यांनी पुढे आपापले शिष्य घडवले.

१९५० च्या कायद्याचे मर्म येथेच आहे. त्या कायद्याने वास्तू आणि मूर्तींबरोबर मूर्त रूप नसलेल्या वारशालाही, म्हणजे कलेला आणि कारागिरीलाही, संरक्षण दिले. १९७५ च्या दुरुस्तीने तर जतनासाठी लागणारी तंत्रे हाच एक संरक्षित विषय ठरवला. छपरावर सालीचे थर बसवणारा, लाख चढवणारा, कौले भाजणारा, जुने सांधे उकलणारा सुतार, यांचे ज्ञान हीच राष्ट्राची संपत्ती ठरली. २०२० साली लाकडी वास्तूंच्या जतनाची ही सारी कौशल्ये युनेस्कोच्या यादीतही गेली.

शेजारच्या तोशोदाइजीत वेळ थोडा काढावा, पण टाळू नये. चिनी भिक्षू गांजिन जपानला येण्यासाठी पाच वेळा निघाला आणि पाचही वेळा वादळांनी, सरकारी बंदीने वा सहकाऱ्यांच्या फितुरीने परतला. या धडपडीत त्याची दृष्टी गेली. सहाव्या खेपेस तो पोहोचला आणि ७५९ साली त्याने हे मंदिर स्थापले. त्याच्या सुवर्णगृहाच्या २००० ते २००९ या काळातील दुरुस्तीत सारी वास्तू सुटी करून पुन्हा जोडली गेली. दहा वर्षे मुख्य मंदिर पाहता येत नाही म्हणून कोणी ओरड केली नाही.

बोधिसेनाचा कुंचला

दुपारी नारा शहरात आल्यावर रस्त्यात कोफुकुजी लागते. त्याच्या संग्रहालयातील त्रिमुख, षड्भुज मूर्तीपाशी नेहमी गर्दी असते. ७३४ साली घडवलेली ही मूर्ती असुराची आहे आणि जपानीत तिचे नावही ‘आशुरा’च आहे. आपल्या पुराणांतील देवांचा हा वैरी येथे धर्माचा रक्षक झाला असून त्याच्या कोवळ्या चेहऱ्यावर विलक्षण व्यथा आहे.

मात्र कोफुकुजी आणखी एक, कमी सुखद, गोष्ट सांगते. १८६८ नंतर नव्या मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध यांची सक्तीने फारकत केली. त्या लाटेत देशभर मंदिरे पाडली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या, सूत्रग्रंथ जाळले गेले. कोफुकुजीच्या भिक्षूंनी वस्त्रे बदलून शेजारच्या शिंतो देवस्थानाचे पौरोहित्य पत्करले, आणि १४२६ सालचा पाच मजली मनोरा मातीमोल भावात विकायला निघाला होता, असे सांगतात. म्हणजे वारसा जपण्याची उपजत बुद्धी जपान्यांना जन्मतःच लाभली आहे, असे नाही. तेही चुकले, आणि परक्या कोणी लादल्यामुळे नव्हे, स्वतःच्याच उन्मादात चुकले. पण अवघ्या तीस वर्षांच्या आत, १८९७ साली, प्राचीन मंदिरांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत ओकाकुरा तेनशिन हा विचारवंत होता. तोच पुढे १९०२ साली भारतात स्वामी विवेकानंदांबरोबर बोधगयेला गेला. एका पिढीत समाजाचे मन पालटू शकते, याचा हा दाखला आहे.

तेथून हरणांच्या कळपांतून वाट काढत तोदाइजीला जावे. सम्राट शोमूने ७४३ साली वैरोचन बुद्धाची महामूर्ती घडवण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा आज्ञापत्रात त्याने एक गोष्ट आवर्जून घातली होती : कोणी गवताची एक काडी वा मूठभर माती घेऊन आला, तरी त्याला या कामात सामील करून घ्यावे. लोकांना एकत्र आणण्याचे काम त्याने ग्योकी नावाच्या भिक्षूवर सोपवले. खेड्यापाड्यांत पूल आणि तळी बांधत हिंडणाऱ्या या भिक्षूवर एकेकाळी दरबाराचीच खप्पामर्जी होती. ७५२ साली सुमारे पंधरा मीटर उंचीच्या या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. ते करणारा होता भारतीय भिक्षू बोधिसेन. दक्षिण भारतातील भारद्वाज गोत्राचा हा ब्राह्मण चीनमार्गे ७३६ साली जपानला आला होता. त्याने हाती घेतलेल्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि उपस्थित जन त्या धरून उभे होते; डोळा एकाने रेखला, पण पुण्य सर्वांचे झाले. तो कुंचला आणि ती निळी दोरी शोसोइनच्या संग्रहात आजही सुरक्षित आहेत. बोधिसेन ७६० साली तेथेच निवर्तला. नारात त्याला ‘ब्राह्मण सोजो’, म्हणजे ब्राह्मण महास्थविर, म्हणून ओळखतात. भारतात किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक असेल?

मंदिराच्या परिसरात इंद्र आहे, ब्रह्मा आहे, चारही दिशांचे लोकपाल आहेत; लक्ष्मी आहे आणि सरस्वतीही आहे. भारतीय प्रवासी या यादीने हरखतो, ते स्वाभाविक आहे. परंतु येथे विवेकानंदांचे स्मरण करावे. १८९३ साली शिकागोला जाताना ते जपानमध्ये थांबले. १० जुलै रोजी योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात, तेथील मंदिरांच्या भिंतींवर जुन्या बंगाली वळणाच्या अक्षरांत संस्कृत मंत्र पाहिल्याचे त्यांनी नोंदवले आहे. मात्र त्या पत्राचा रोख अभिमान मिरवण्याचा नाही. त्यात स्वदेशीयांची कडक कानउघाडणी आहे आणि आपल्या तरुणांनी दरवर्षी जपान-चीन पाहून यावे, अशी तळमळ आहे. ‘आमचे देव तेथे आहेत’ यावर समाधान मानणारा प्रवासी त्या पत्राच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबतो.

तोदाइजीचे महामंदिर दोनदा जळाले. १८८० नव्हे, ११८० च्या युद्धात ते पहिल्यांदा जळाले, तेव्हा साठी ओलांडलेल्या चोगेन भिक्षूने देशभर दान मागत ते पुन्हा उभे केले. १५६७ साली ते दुसऱ्यांदा जळाले आणि बुद्धमूर्ती कित्येक दशके ऊन-पावसात उघडी राहिली. मग कोकेई नावाचा भिक्षू झोळी घेऊन निघाला. १७०९ साली आजचे मंदिर पूर्ण झाले. ते पाहायला कोकेई नव्हता. आणि या सर्व काळात, मंदिर असो वा नसो, डोंगराच्या उतारावरील निगात्सुदोमधला मशालींचा आणि पवित्र जलाचा उत्सव ७५२ पासून एकाही वर्षी खंडित झाला नाही, असे मंदिराची परंपरा सांगते. पावणेतेराशे वर्षे! संध्याकाळी निगात्सुदोच्या सज्जात उभे राहून खाली मावळतीच्या प्रकाशातले नारा पाहताना प्रवाशाच्या ध्यानात येते की, या शहरात अखंड राहिली आहे ती वास्तू नव्हे. वास्तू पुनःपुन्हा जळाली. अखंड राहिला तो ती पुन्हा बांधण्याचा लोकांचा संकल्प, आणि त्यासाठी लागणारा हात.

घरचा हिशेब

अशा दिवसानंतर घरचा हिशेब मांडणे भाग पडते. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी पुन्हा केलेल्या प्रतिकृतींपैकी कित्येक १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सद्हेतूने चित्रांवर लाखेचे लेपन केले. पुढे तेच पिवळे पडून चित्रांना झाकोळू लागले आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षे खर्ची पडली. अजिंठा-वेरूळच्या जतन व पर्यटन विकासासाठी १९९० च्या दशकापासून कर्जसाहाय्य केले ते जपाननेच. या तारखांपैकी एकही तारीख आपल्या स्मरणात नाही. १८२८ साली शनिवारवाडा जळाला; त्या दिवशी पुण्यात कोणी पाण्याची बादली घेऊन सराव करत नाही.

आक्रमणे झाली, पारतंत्र्य आले, हे सर्व खरे आहे. बामियान असो वा नालंदा, विध्वंसाचा इतिहास विसरण्याचे कारण नाही. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पाऊण शतकात किल्ल्याच्या तटाला चुन्याऐवजी सिमेंट फासले गेले, गावोगावच्या हेमाडपंती मंदिरांना तैलरंगाचे थर चढले, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशा बसल्या. हे कोणा परक्या आक्रमकाने केले नाही. ते बव्हंशी भक्तिभावाने आणि लोकवर्गणीतून झाले. श्रद्धा होती, पैसा होता. चुना मळणारा हात आणि त्याला विचारण्याची बुद्धी नव्हती.

साखळी सर्वस्वी तुटली आहे, असे मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर सोमनाथचे मंदिर उभारणारे स्थपती प्रभाशंकर सोमपुरा, आणि अयोध्येच्या श्रीराममंदिराचा आराखडा करणारे चंद्रकांत सोमपुरा हे त्यांचेच नातू. जेथे घराण्याने विद्या सांभाळली आणि समाजाने तिला काम दिले, तेथे ती टिकली. या दोन अटींपैकी दुसरी समाजाच्या हाती आहे.

कार्ल्याचा सामी

मुंबई-पुणे प्रवासात मळवलीजवळ कार्ल्याचा डोंगर दिसतो. एकवीरा देवीच्या दर्शनाला जाणारे हजारो भाविक देवळालगतच्या त्या प्रचंड चैत्यगृहावरून जातात. त्यांतील किती जण आत जाऊन मान वर करून पाहतात? छताला लाकडी कमानींची एक रांग आहे. ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूळचे आहे. होर्यूजीच्या खांबांहून ते कित्येक शतकांनी जुने. आणि तेथील शिलालेखांत राजांच्या बरोबरीने सामान्य दात्यांची नावे कोरलेली आहेत : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त. त्यांत एक नाव सुताराचे आहे. धेनुकाकटाचा रहिवासी, वेणुवासाचा मुलगा सामी. त्याने लेण्याचे द्वार घडवले, म्हणून त्याचे नाव दगडावर आले.

शोमूची गवताची काडी, याकुशिजीचे हजार येन, या कल्पना मराठी मातीला परक्या नाहीत. त्या येथे सह्याद्रीच्या कातळात, त्यांच्या कित्येक शतके आधी, कोरून ठेवल्या आहेत. सुताराचे नाव लेण्याच्या दारी मानाने लिहिणारा समाज येथेही होता. फरक इतकाच, की नाराला त्या सुताराचा वारस आजही भेटतो. कार्ल्याला मात्र सामीचा वारस कोण, हे विचारणाराही भेटत नाही.

विचारणारे निर्माण करणे अवघड नाही. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की वर्गणीच्या पहिल्या बैठकीतच जुने काम जाणणारा गवंडी, पाथरवट, सुतार यांना बोलावता येईल आणि रंगाचा पहिला डबा उघडण्यापूर्वी पुरातत्त्व जाणणाऱ्याचा सल्ला घेता येईल. शाळेची सहल कार्ल्याला गेली तर मुलांना सामीचे नाव वाचून दाखवता येईल. एखाद्या तरुणाने बापाचा रंधा पुढे चालवायचे ठरवले, तर त्याला नोकरी न मिळालेला म्हणून नव्हे, विद्या मिळालेला म्हणून मान देता येईल. यांपैकी कशालाही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आणि येत्या २६ जानेवारीला ध्वजवंदन आटोपल्यावर गावातील जुन्या मंदिराला एक फेरी मारावी. विजेच्या तारा कोठे उघड्या आहेत, समईच्या वरचे तुळईचे लाकूड किती काळवंडले आहे, आग लागलीच तर पाणी कोठून आणायचे, एवढे पाहून घ्यावे. त्याच दिवशी होर्यूजीच्या प्रांगणातही पाण्याचे फवारे उडत असतील.